चार मैलांवरचा नळ

पाहुणे येणार म्हटलं की आपण काय करतो, ते तुम्हाला सांगायला नको. बाहेरच्या खोलीतला पसारा आतल्या खोलीत, आतल्या खोलीतला पलंगाखाली, आणि मग दार उघडून हसतमुखाने "या, या, घर आपलंच आहे!" यात फारसं गैर नाही. पण हीच सवय आपण घराबाहेर आणि देशाबाहेर घेऊन जातो, पसाऱ्याच्या जागी माणसं ढकलायला लागतो, तेव्हा काय होतं? मृणाल आगटेने नेमकं तेच केलं. ती वाईट नव्हती हो. तुमच्या-माझ्यासारखीच होती, म्हणून तर तिची गोष्ट सांगायची.

मृणाल मूळची पुण्याची. नवरा सुश्रुत एडिंबरोतल्या एका बँकेत सॉफ्टवेअरच्या कामावर, ती स्वतः एका विमा कंपनीत टेस्टर. २००३ साली दोघं आले आणि बंदराजवळच्या लीथ भागात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. पहिल्याच हिवाळ्यात सुश्रुत कामासाठी बर्मिंगहॅमला गेलेला असताना ही तापाने फणफणली. दार वाजलं. बाहेर खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई, हातात सूपाचं पातेलं.

"दोन दिवस तुझ्या पावलांचा आवाज आला नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून आले."

त्यांचं नाव आयला मॅकरे. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, बोलायला सडेतोड. परत आल्यावर सुश्रुतने नाव ऐकलं आणि त्याला हसू आवरेना. "आयला! यांना हाक कशी मारायची गं? शिवी दिल्यासारखं वाटेल!" तिकडे लहानथोर सगळेच एकमेकांना नावाने बोलावतात, पण मृणालची जीभ काही वळली नाही. ती त्यांना शेवटपर्यंत मिस मॅकरेच म्हणत राहिली.

त्यांच्यामुळेच ती चर्चमध्ये जाऊ लागली. धर्मासाठी नव्हे, घरात गणपती होता तो होताच, आणि तू कुठल्या देवाची, हे तिला तिथे कुणी विचारलंही नाही. दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये येईल त्याला गरम जेवण मिळे, तिथे ती भाज्या चिरायला जाई. हे चर्च एपिस्कोपल, म्हणजे बिशपांची परंपरा मानणारं. स्कॉटलंडमध्ये हा पंथ धाकट्या भावासारखा. रविवारी जेमतेम साठ माणसं जमत. पण ही साठ माणसं काय काय करत! ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस दर शुक्रवारी नुसत्या सूप-ब्रेडवर भागवायचं आणि वाचेल ते जगाच्या पाठीवरच्या कुठल्या तरी गरीब गावासाठी द्यायचं. चहा खुडणाऱ्या बाईला मजुरी नीट मिळते की नाही, याची चौकशी केल्याशिवाय चहाचा डबा घ्यायचा नाही. खासदाराला पत्र लिहायचं, उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहायचं. आपल्याकडे वर्गणीची पावती फाडली की कर्तव्य संपतं. यांचं तिथून सुरू होई.

२००५ च्या जुलैत जगातल्या बड्या देशांचे पुढारी स्कॉटलंडमध्ये जमणार होते. गरिबी कायमची संपवा, हे त्यांना सांगायला लाखो माणसं पांढरे कपडे घालून एडिंबरोच्या रस्त्यांवर उतरली. चर्चच्या साठांपैकी पन्नास तरी त्यांत होती. शहात्तर वर्षांच्या मिस मॅकरे दुखरा गुडघा बांधून चालल्या. मृणालही चालली, मनगटात पांढरी पट्टी घालून, आणि घरी आल्यावर सुश्रुतला म्हणाली, "मला इतकं भारी कधीच वाटलं नव्हतं रे."

आणि त्याच आठवड्यात पत्र आलं.

चर्चने मागची तीन वर्षं मराठवाड्यातल्या कारळवाडी या गावासाठी मदत गोळा केली होती. तिथल्या एका संस्थेमार्फत पाण्याची टाकी आणि नळ बसला होता, नळाच्या ओट्यावर चर्चचं नावही कोरलं होतं. आता गावातून पहिल्यांदाच थेट पत्र आलं होतं, तेही मराठीत. चर्चचे मुख्य धर्मगुरू, रेक्टर डंकन, ते घेऊन मृणालकडे धावत आले. "देवानेच तुला आमच्याकडे पाठवलं!" तिनेही हौसेने पत्र घरी नेलं.

सांगणारी सिंधुबाई नावाची बाई होती, लिहिणारी तिची सून. सुनेने सासूचा शब्द न शब्द उतरवून घेतला होता.

"नळ आमच्या वस्तीपासून शंभर पावलांवर हाये. पण तो वरच्या आळीत हाये, आन् आमाला त्याला हात लावू देत न्हाईत. त्यांचं भरून झालं आन् कुणाला दया आली तर वरून वततात, न्हाई तर आमी जुन्या हिरीचं गढूळ पाणी पितो. बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी वंजळीत घेतलं त्याला अठ्ठ्याहत्तर वर्सं झाली. नळ तुमच्या पैशाचा हाये. तव्हा तुमी एक कागद लिहून द्या, की ह्यो नळ समद्यांचा हाये. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आमी तो वाचून दावू. पैका नको. कागद द्या."

मृणालचे कान गरम झाले. महिन्यापूर्वीच चर्चमध्ये कॉफी पिताना कुणी तरी तिला जातीबद्दल विचारलं होतं, आणि तिने हसत सांगितलं होतं, "छे, आता ते सगळं राहिलं नाही." आता हे पत्र त्याच माणसांना वाचून दाखवायचं?

"असंच्या असं लिहून देऊ?" तिने सुश्रुतला विचारलं. "मंगळवारी सगळे मलाच विचारत बसतील. मी कोण, माझी कास्ट कुठली, आमच्या घरी काय करतात..."

"मग थोडं पॉलिश कर ना. बॉटम लाइन काय, पाण्याचा प्रॉब्लेम आहे. एवढ्या डीटेल्स कशाला? उगाच इंडियाची इमेज खराब."

तिने पॉलिश केलं. इंग्रजीत लिहिलं, "नळ आमच्या वस्तीपासून लांब आहे. पाण्याचे फार हाल होतात. आपण आमची आठवण ठेवता याबद्दल आम्ही ऋणी आहोत." वरची आळी गेली, बाबासाहेब गेले, ग्रामसभा गेली, आणि जो एकुलता एक कागद त्या बाईने मागितला होता तोही गेला. वर मृणालने स्वतःची समजूत घातली, यात खोटं काय? आहेच की तो नळ त्यांच्यापासून लांब!

शिकल्यासवरल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही.

पुढच्या रविवारी ते भाषांतर चर्चमध्ये वाचलं गेलं. कॉफीच्या वेळी मिस मॅकरेंनी मृणालला गाठलं. "लांब म्हणजे किती लांब?"

मृणाल गडबडली. "असेल... तीन-चार मैल."

"चार मैल! पाणी डोक्यावर घेऊन!"

झालं. एक खोटं झाकायला दुसरं लागतं आणि दुसरं तर पहिल्यापेक्षा जास्त बाळसं धरतं. पंधरा दिवसांत चर्चच्या समितीने ठरवलं, कारळवाडीच्या बायकांना पाण्याची पिंपं वाहायच्या हातगाड्या पाठवायच्या. आणि त्यासाठी नुसतं मागायचं नाही, आपणही ते ओझं उचलून बघायचं. सप्टेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी नदीकाठच्या वाटेने रोजबर्नपासून लीथपर्यंत, मोजून चार मैल, प्रत्येकाने पाण्याचा कॅन घेऊन चालायचं!

तिकडचा उरलेला उन्हाळा सगळा सराव चालला. रेक्टर डंकन दोन्ही हातांत कॅन घेऊन चर्चच्या आवारात फेऱ्या मारत, बायकोने पाण्याला पिटाळल्यासारखे. मिस मॅकरे रोज सकाळी भरलेला कॅन घेऊन जिना चढत-उतरत. पाण्याचा डुचमळण्याचा आवाज आणि त्यांचा श्वास वरच्या फ्लॅटमध्ये ऐकू येई. मृणाल रेडिओ मोठा करी.

दरम्यान चर्चचं उत्तर मराठीत करायचं कामही तिच्याकडेच आलं. 'नळ लांब असल्याचं वाचून वाईट वाटलं' हे वाक्य ती गावाला कसं लिहिणार? तिने तेही गाळलं. "पाण्याच्या सोयीसाठी हातगाड्या पाठवत आहोत," एवढंच लिहून, खाली भाषांतर करणारी म्हणून आपलं नाव घालून पाकीट बंद केलं.

चालण्याच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, सिंधुबाईचं दुसरं पत्र येऊन थडकलं. रेक्टरांनी ते न उघडताच मृणालच्या हातात ठेवलं. मराठी म्हणजे मृणालचं, हे आता ठरूनच गेलं होतं.

"हातगाड्या कशाला? शंभर पावलांना गाडी लागती का? आमी काय मागितलं आन् तुमी काय देताय? पत्र वाचणाऱ्या बाईनं आमचं पत्र वाचून दावलं न्हाई का? ग्रामसभा तोंडावर आली. कागद आला न्हाई तर वरची आळी म्हणंल, तुमाला कुणी वाली न्हाई. मग ह्यो नळ आमच्यासाठी कायमचा गेला."

मृणालने पत्र सुश्रुतपुढे ठेवलं.

"वॉक होऊन जाऊ दे," सुश्रुत म्हणाला, पण या वेळी त्याचाही आवाज खाली गेला होता. "आत्ता सांगितलंस तर सगळ्यांचा पोपट होईल. नंतर बघू."

तिने ते पत्र पहिल्या पत्राबरोबर पर्समध्ये टाकलं.

शनिवारी सकाळी रोजबर्नच्या पुलाशी चाळीस माणसं जमली. पेन्शनर, दोन नर्सेस, एक बसड्रायव्हर, एक अंध गृहस्थ बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. सगळ्यांच्या हातांत पाणी. कुणी फोटोसाठी आलं नव्हतं, कुणी मिरवत नव्हतं. मिस मॅकरेंना सगळ्यांनी सांगून पाहिलं की तुम्ही रिकामा कॅन घ्या. "त्या बाया रिकामा घेतात का?" त्यांनी विचारलं आणि चालायला लागल्या. मृणाल त्यांच्याबरोबर राहिली.

दोन मैलांनंतर त्या नदीकाठच्या बाकावर बसल्या. बाकीचे पुढे गेले. त्यांनी तळहात उघडून पाहिला. कॅनच्या कडीचा लालभडक वळ उठला होता.

"मी मघापासून तुझ्या सिंधुबाईचाच विचार करतेय," त्या म्हणाल्या. "माझ्या पायांत चांगले बूट आहेत, वाट सपाट आहे, आणि मला उद्या पुन्हा हे करायचं नाही. तिचे पाय कसे असतील गं?"

मृणालने खूप आवरलं. पण तो वळ तिला बघवेना.

"ती चालतच नाही!" ती ओरडलीच. "मिस मॅकरे, ती चार मैल चालत नाही! नळ शंभर पावलांवर आहे. तिला तिथे पाणी भरू देत नाहीत, तिच्या जातीमुळे. तिने सगळं लिहिलं होतं. मी... मी ते गाळलं!"

आणि तिने दोन्ही पत्रं तिथेच, नदीकाठी, शब्दन् शब्द सांगितली.

मिस मॅकरे साधुसंत असत्या तर लगेच क्षमा करून मोकळ्या झाल्या असत्या. त्या साधुसंत नव्हत्या, त्या चिडल्या.

"सगळा उन्हाळा मी रोज सकाळी त्या बाईच्या वाटेसाठी प्रार्थना केली," त्या म्हणाल्या. "आणि ती वाट नव्हतीच. का केलंस असं?"

"मला लाज वाटली. वाटलं, माझ्या देशाबद्दल तुम्ही सगळे काय म्हणाल! आणि खरं सांगते, मला कधी कुणी कुठे अडवलं नाही, त्यामुळे मला खरंच वाटायचं की ते संपलं."

"ज्याच्यासाठी दार कायम उघडं असतं, त्याला कडी दिसत नाही," मिस मॅकरे म्हणाल्या. मग जरा निवळून सांगू लागल्या. "मी इथलीच, लीथची. आम्ही सात जण एका खोलीत राहायचो. मागच्या अंगणात सगळ्या बिऱ्हाडांसाठी कपडे धुवायची एक खोली होती, प्रत्येकाचा वार ठरलेला. माझे वडील घरमालकाच्या माणसाशी भांडले, म्हणून आमच्या वाराला तो तिला कुलूप लावायचा. गरिबांची पाहणी करायला एक बाई यायच्या. आईने त्यांना कुलपाचं सांगितलं. त्यांनी काय लिहून नेलं ठाऊक आहे? 'कुटुंब गरजू. मुलांचे कपडे मळके. साबण द्यावा.'"

"मग?"

"मग साबण आला! चांगला, वासाचा साबण. कुलूप तसंच राहिलं." त्या कडवट हसल्या. "त्या बाईही वाईट नव्हत्या. त्यांचं घरमालकाकडे चहाला जाणंयेणं होतं, एवढंच. माझी आई तो साबण हातात घेऊन रडली होती. साबण मिळाला म्हणून नव्हे. आपण बोललो ते कुणाला ऐकूच गेलं नाही, म्हणून."

मृणालला रडू फुटलं. "आता मी सगळ्यांना तोंड कसं दाखवू?"

"ते तुझं तू बघ. ग्रामसभेला किती दिवस राहिले?"

"पंधरा."

"मग तुझ्या लाजेसाठी आपल्याकडे वेळ नाही. आणि देशाचं म्हणशील, तर एक बाई अख्ख्या गावापुढे आपल्या हक्कासाठी उभी राहायला निघालीय. तीही तुझाच देश ना? तिची लाज वाटते तुला?" मिस मॅकरे उठल्या, कॅन उचलला. "चल. लोक वाट बघतायत."

राहिलेले दोन मैल दोघी भरलेले कॅन घेऊनच चालल्या.

चर्चच्या हॉलमध्ये चहा-केकची गडबड होती, दमलेली माणसं एकमेकांचे हात बघून हसत होती. मृणाल पुढे जाऊन उभी राहिली. तिने आधी सांगितलं की आपण काय केलं. मग सिंधुबाईची पत्रं मराठीत वाचली, जशी होती तशी, त्यातल्या 'हाये' आणि 'न्हाई'सकट. त्यानंतर इंग्रजीत. 'पत्र वाचणाऱ्या बाईनं वाचून दावलं न्हाई का?' हे वाक्यही तिने सोडलं नाही.

मागून बसड्रायव्हरने विचारलं, "पण तू आम्हाला का नाही सांगितलंस? आमच्यावर भरवसा नव्हता?"

"नव्हता," मृणाल म्हणाली. तिला खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

रेक्टर डंकन उठले. वाटलं, आता ते तिला बोलणार. पण ते म्हणाले, "आपणही विचारलं नाही. नळ बसला, फोटो आला, आपण टाळ्या वाजवल्या. त्या फोटोत पाणी कोण भरतंय आणि कोण नाही, हे आपल्यापैकी एकाने तरी विचारलं का? आपलं नाव आहे त्या ओट्यावर!"

केक तसाच राहिला. तिथल्या तिथे टेबलं जोडली गेली आणि त्या चाळीस जणांनी कागद लिहायला घेतला. नर्सबाईंना वाटे भाषा मवाळ हवी, अंध गृहस्थांना वाटे कडक हवी. भांडत भांडत शेवटी चार ओळी ठरल्या. "हा नळ कारळवाडीतल्या प्रत्येक माणसाचा आहे. त्याला हात लावायला कुणाचीही परवानगी लागत नाही. तो एकाही घराला बंद असेल, तर ओट्यावरचं आमचं नाव खोडून टाका. आम्हाला ते नाव नको." दुसऱ्या दिवशी, रविवारी, राहिलेल्यांनीही सह्या केल्या. सोमवारी संस्थेला फॅक्स गेला, ग्रामसभेला तुमची माणसं हजर हवीत अशी मागणी गेली, आणि मूळ कागद मृणालच्या भाषांतरासह आणि झालं ते सगळं कबूल करणाऱ्या तिच्या पत्रासह कुरिअरने थेट सिंधुबाईच्या नावाने गेला. भाषांतर या वेळी तिने सुश्रुतकडून दोनदा तपासून घेतलं. त्यानेही पॉलिशचं नाव काढलं नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला सिंधुबाईचं तिसरं पत्र आलं. मृणालने ते घरी नेलं नाही. मंगळवारचं जेवण चालू असताना हॉलमध्येच उघडलं आणि एकेक ओळ सगळ्यांसमोर सांगत गेली.

"कागद मिळाला. ग्रामसभेत माझ्या सुनेनं उभं राहून वाचला. लई गिल्ला झाला. संस्थेचे लोक आले व्हते, ग्रामसेवक व्हता, ठराव झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमी सोळा बाया हंडे घेऊन गेलो. कुणी आडवं आलं न्हाई. दोन घरांनी आमच्याशी बोलणं टाकलंय, कुणी आमच्यामागं तोटी धुऊन घेतंय. घेऊ द्या. रांग एकच हाये आन् आमच्या हंड्यावर आमचाच हात हाये. तुमी सत्तर-सत्तर वर्सांची माणसं आमच्यासाठी पाणी घेऊन चालला, हे बाईनं लिहिलं ते वाचून आमच्या बाया हसल्या बी आन् रडल्या बी. तुमचं नाव खोडू नका. राहू द्या."

टाळ्या झाल्या, कुणी डोळे पुसले. मिस मॅकरेंनी विचारलं, "संपलं?"

"नाही," मृणाल म्हणाली. "शेवटची ओळ माझ्यासाठी आहे." आणि तिने ती आधी मराठीत वाचली.

"पत्र वाचणाऱ्या बाईंना सांगा, गाळायचं ते पाणी. माणसाचं बोलणं न्हाई."

इंग्रजीत सांगताना ती अडखळली. आपल्याकडे पाणीही गाळतात आणि शब्दही गाळतात. इंग्रजीत त्याला दोन वेगळी क्रियापदं लागतात, आणि त्यातला चिमटा निसटून जातो. ती सहज म्हणू शकली असती की बाईंनी सगळ्यांना नमस्कार कळवलाय. पण ती थांबली, आपल्या एका शब्दात दोन अर्थ कसे राहतात ते तिने समजावून सांगितलं, आणि मग सिंधुबाईने आपल्याला मारलेला टोला सगळ्यांसमोर जसाच्या तसा पोचवला. लाजेने तिचा चेहरा लाल झाला होता, आणि तरी तिला फार हलकं वाटत होतं.

मंडळी, गरिबी हटवायला पैसा लागतो आणि दयाही लागते. त्या चर्चमधल्या भल्या माणसांकडे दोन्ही भरपूर होतं, पण नुसत्या तेवढ्याने शंभर पावलांवरचा नळ उघडला नाही. तो उघडला, जेव्हा एका गरीब बाईचं म्हणणं तिच्याच शब्दांत त्यांच्या कानांवर पडलं, आणि ते ऐकून त्यांनी आपला बेत बदलला. आपल्यापैकी पुष्कळ जण दोन जगांच्या मधे उभे आहेत. इकडचं तिकडे सांगायचं काम आपल्याकडे येतं. तेव्हा एवढं पाळू या. आपली लाज झाकायला दुसऱ्याचं तोंड झाकायचं नाही.